मागीलदारचा पावसाळा, बाटलीत

[दृश्य: सकाळ. पाऊस नुकताच थांबलाय. कौलांवरून पागोळ्या गळताहेत. कॅमेरा पडवीतून हळूहळू मागीलदारी जातो.]

श्रावण सरायला चार-पाच दिवस उरलेत. वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या काकीच्या घराचं हे मागीलदार. विहिरीच्या कठड्याला लागून गवती चहाची पाती कमरेएवढी वाढली आहेत. त्यांच्या पलीकडे पानओवा, जाड लवदार पानांचा. ओव्याचा मसाला ज्या झाडाचा असतो ते झाड निराळं, पण पान चुरगळलं की वास अगदी ओव्याचा. कुंपणावर गोकर्णीचा वेल चढलाय. आणि कोपऱ्यात, बुंध्यापासून फांदीपर्यंत काट्यांनी भरलेलं, तिरफळाचं झाड.

[दृश्य: तिरफळाचे हिरवे घोस. काकी आकडीने फांदी खाली ओढते आहे.]

हे घोस हिरवे असेपर्यंतच आपल्याला वेळ आहे. गणपती आले, गेले, ऊन तापायला लागलं की फळं वाळून उकलतात. पुढे झाडाची पानंही गळतात आणि हिवाळ्यात काट्यांचा नुसता सांगाडा उभा राहतो. गवती चहा चैत्रात पिवळा पडतो, पानओवा उन्हाने आखडतो. कोकणातल्या घराच्या मागच्या बाजूला पावसात जो सुगंध उभा असतो, तो वर्षभर तिथे नसतो. हा सुगंध विनेगरमध्ये धरून ठेवता येतो. काकी आणि मी गेली काही वर्षं ते करतोय. या वर्षी कॅमेरा घेऊन बसलो.

[दृश्य: म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. जुन्या बाटल्यांत भरलेलं, फिकट दुधट रंगाचं विनेगर.]

सुरुवात विनेगरपासून करायला हवी, कारण पानं कितीही ताजी असली तरी ती ज्यात बुडणार ते चांगलं नसेल तर सगळी मेहनत वाया जाते. आम्ही वापरतो ते माडाचं विनेगर, म्हापशाच्या बाजारातून आणलेलं. मराठीत शिरका हा फारसीतून आलेला शब्द आहे, पण आमच्याकडे गोव्याच्या वाऱ्यावर पोर्तुगीज शब्द आला आणि तोच रुळला.

माडाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, बांधून तिचं टोक रोज थोडं थोडं कापतात. तिथून गोड रस ठिबकतो. ताजा असताना ती नीरा. पण या रसात साखर भरपूर आणि हवेत यीस्ट हजर, त्यामुळे काही तासांतच तो फसफसायला लागतो. साखरेचं मद्यार्क झालं की ती माडी. आणि माडी तशीच हवेशी ठेवली, की ॲसिटोबॅक्टर नावाचे जिवाणू हवेतला ऑक्सिजन घेऊन त्या मद्यार्काचं ॲसेटिक आम्ल करतात. तेच विनेगर. हे काम सजीव करतात, हे लुई पाश्चरने १८६० च्या दशकात दाखवून दिलं. तोवर जगभर माणसं फक्त अनुभवावर आंबवत होती. गोव्यातल्या घरांत मातीच्या मडक्यातल्या माडीत कौलाचा तापवून लाल केलेला तुकडा टाकायची पद्धत आहे. आपल्याकडच्या जुन्या वैद्यकातही शुक्त, धान्याम्ल अशी आंबवलेल्या द्रवांची नावं येतात.

आणि विंदालू, गोव्यातलं मांसाचं आंबट-तिखट कालवण. पोर्तुगालमध्ये मांस वाइन आणि लसणीत मुरवत, त्याचं नाव विन्या द आल्योश. गोव्यात वाइनच्या जागी माडाचं विनेगर आलं, सोबत मिरची-मसाला आला, आणि नाव घासून घासून विंदाल्यो झालं. वसईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत त्याचंच भावंड इंद्याल म्हणून शिजतं. म्हणजे विनेगरमध्ये लसूण मुरवणं हे या किनाऱ्याला चारशे-साडेचारशे वर्षं माहीत आहे. आम्ही लसणीच्या जागी मागीलदारची पानं घेतो, एवढंच.

[दृश्य: दुकानातल्या बाटलीच्या लेबलवर बोट फिरतंय.]

माडाचं मिळालं नाही तर उसाचं, सफरचंदाचं, तांदळाचं, कोणतंही आंबवून केलेलं विनेगर चालेल. लेबल मात्र वाचा. 'सिंथेटिक' असं लिहिलेलं असेल तर ते पाण्यात ॲसेटिक आम्ल मिसळून केलेलं असतं. त्याने अपाय होत नाही, पण त्याला नुसताच आंबट चटका असतो, स्वतःची चव नसते. तिरफळासारखं मानी फळ त्यात घालायला माझा जीव होत नाही.

दुसरी गोष्ट आम्लाचं प्रमाण. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे विनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के ॲसेटिक आम्ल हवं. पानं-फळं मुरवायची तर ५ टक्क्यांच्या जवळपासचं घ्यावं, कारण पानांतलं पाणी उतरून ते थोडं पातळ होणारच असतं. बाजारातल्या बाटलीवर आकडा असतो. घरगुती बाटलीवर कोण लिहिणार?

[दृश्य: महाविद्यालयाची प्रयोगशाळा. ब्युरेट. चंचुपात्रातला द्रव एका थेंबाने गुलाबी होतो.]

काकीची नात बी.एस्सी.ला आहे. तिने सरांना विचारून अनुमापन केलं. विज्ञान शाखेत करतात तोच प्रयोग. ठरावीक विनेगर, त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब, आणि वरून सोडियम हायड्रॉक्साइड थेंब-थेंब. रंग गुलाबी टिकला की थांबायचं आणि गणित मांडायचं. बाजारातून आणलेली बाटली साडेचार टक्क्यांच्या आसपास निघाली. आणि ओळखीच्या एका घरातून आलेली दुसरी बाटली, जी चवीला मला चांगली आंबट वाटली होती, ती तीन टक्क्यांच्याही खाली.

जिभेवर भरवसा ठेवून मी त्या बाटलीत पानं घातली असती. असं का झालं असेल? मद्यार्क संपल्यावरही विनेगर बरेच दिवस उघडं राहिलं, तर तेच जिवाणू आपणच केलेलं आम्ल खायला लागतात. त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. म्हणून विनेगर तयार झाल्यावर बाटली गळ्यापर्यंत भरून, घट्ट बूच लावून ठेवायची. ती अशक्त बाटली आम्ही फ्रिजमध्ये ठेवून कोशिंबिरीला संपवली. मुरवणाला घेतली नाही. प्रयोगशाळा हाताशी नसेल, तर टक्केवारी छापलेलं विनेगर घ्या. पीएचच्या कागदी पट्टीने ही टक्केवारी कळत नाही.

[दृश्य: काकी विळ्याने गवती चहा कापते. सुपात पानं.]

आता पानं. पाऊस उघडल्यावर, ऊन चढायच्या आत तोडायची. फुलोरा धरण्याआधीची कोवळी-जून मधली पानं सगळ्यात वासाची. किडकी, पिवळी, डाग पडलेली बाजूला काढायची. फवारणी केलेलं काहीही नको, आणि हारवाल्याकडची फुलं तर अजिबात नकोत. ती देवाला वाहण्यासाठी पिकवलेली असतात, खाण्यासाठी नाही.

मग धुणं. दोन-तीन पाण्यांतून, मुळाकडची माती निघेपर्यंत. आणि त्यानंतर सुकवणं, ज्याची घाई मी पहिल्या वर्षी केली.

पानं वरून कोरडी दिसत होती. गवती चहाच्या पातीच्या बेचक्यात पाणी धरून राहतं, हे मला सुचलं नाही. विनेगरही न तापवता तसंच ओतलं. आठ दिवसांत बाटली गढूळ झाली, वर पांढरट पापुद्रा धरला, आणि झाकण उघडल्यावर गवताच्या जागी ओल्या गोणपाटाचा वास आला. पूर्ण बाटली माडाच्या मुळाशी ओतली. काकी तेव्हा रागावली नाही. दुसऱ्या वर्षी सुपात पानं पसरताना फक्त म्हणाली, "ओली पानां घालू नको हां गो. पानी सगळ्याक नाडता."

[दृश्य: माजघरात पंख्याखाली धुवट पंचावर पसरलेली पानं. घड्याळ. दुपार कलते.]

तेव्हापासून पानं सकाळी पसरायची ती संध्याकाळी उचलायची. उन्हात ठेवायची नाहीत, वास उडतो. पावसाळी हवेत पंखा लागतोच. पातीचे तुकडे कात्रीने बोटभर करून पुन्हा पंचावर. हा दिवस वाया जात नाही. बरण्यांची तयारी त्याच वेळात होते.

बरणी काचेची किंवा चिनी मातीची. काचेच्या बाटल्या धुऊन पाण्यात १० मिनिटं उकळायच्या आणि कोरड्या करायच्या. तांब्या-पितळेचं, ॲल्युमिनियमचं किंवा लोखंडी भांडं या कामात कुठेच नको. जुन्या बायकांना हे सांगावं लागत नाही. "पितळेत आंबट ठेवलस तर कळाकतला," काकी सहज म्हणते. कळकणं या आपल्या एका शब्दात आम्लाने धातू विरघळून अन्नात उतरण्याचं सगळं रसायनशास्त्र आलं. म्हणून तर भांड्यांना कल्हई होती. झाकणही तसंच तपासायचं. पत्र्याच्या झाकणाला आतून गंज चढतो आणि तो विनेगरमध्ये पडतो. प्लास्टिकचं किंवा काचेचं झाकण घ्या, नाहीतर कॉर्क. दादरा मात्र इथे बांधायचा नाही. फडकं बांधतात ते माडीचं विनेगर होताना, कारण तेव्हा हवा हवी असते. मुरवताना हवा नको.

[दृश्य: चुलीवर स्टीलचं पातेलं. काठाला बारीक बुडबुडे.]

विनेगर स्टीलच्या पातेल्यात तापवायचं. उकळू द्यायचं नाही. कडेने बारीक बुडबुडे धरले, वाफ निघायला लागली, की उतरवायचं. थर्मामीटर असेल तर ९० अंशांच्या जवळ. खिडकी उघडी ठेवा आणि पातेल्यावर वाकू नका, ती वाफ घशात बसते. तापवल्याने दोन गोष्टी होतात. पानातला सुगंध लवकर सुटतो, आणि विनेगरमधले जिवंत जिवाणू थांबतात. नाहीतर माडाच्या विनेगरवर सायीसारखा, चिवट, पारदर्शक थर पुन्हा पुन्हा धरतो. तो थर वाईट नसतो. दह्याला विरजण तसा तो विनेगरला. एका लहान बाटलीत न तापवलेलं विनेगर त्या थरासकट बाजूला ठेवलं, तर पुढच्या वेळी घरी विनेगर करायला ते कामाला येतं.

माप सोपं आहे. अर्धा लिटर विनेगरला कपभर पानं, दाबून न भरता सैल. वाळवलेली पानं असतील तर त्याच्या निम्म्याहून कमी.

पहिल्या बाटलीत गवती चहा आणि आल्याच्या पातळ चकत्या. ही सगळ्यात भोळी बाटली, कधी दगा देत नाही. गवती चहाच्या लिंबासारख्या वासाचं मूळ तिच्या तेलातल्या सिट्रल या संयुगात आहे, आणि ते विनेगरला असं बिलगतं की बाटली उघडली की आधी लिंबूच आठवतं. दुसरीत पानओवा, सोबत चार-पाच मिरी आणि दोन लसणीच्या पाकळ्या. लसूण कधीकधी विनेगरमध्ये निळसर-हिरवी होते. घाबरू नका, तिच्यातल्या गंधकाच्या संयुगांची ती आम्लाशी झालेली क्रिया आहे, खायला चालते. पण हीच लसूण-पानं तेलात घालून बाहेर ठेवायची हौस कुणी करू नये. तेलात आम्ल नसतं, आणि हवाबंद तेलात बोटुलिझमचे जिवाणू वाढू शकतात. विनेगरचा आंबटपणा त्यांना वाढू देत नाही.

[दृश्य: काचेच्या बाटलीत गोकर्णीची निळी फुलं. वरून विनेगर ओतलं जातं. निळा रंग जांभळा, मग गुलाबी होत जातो. थोडा वेळ शांतता.]

तिसरी बाटली पोरांसाठी. गोकर्णीच्या फुलांना वास जवळजवळ नसतो, पण त्यांचा निळा रंग अँथोसायनिनचा, आणि तो आम्लात गुलाबी होतो. काकीच्या नातीचा धाकटा भाऊ दर वर्षी यासाठी शाळेतून धावत येतो.

आणि आता तिरफळ.

[दृश्य: काकीच्या हातात तिरफळाचा घोस. ती एकेक फळ देठापासून मोकळं करते.]

पुण्या-मुंबईत मी तिरफळ म्हटलं की समोरचा त्रिफळा चूर्ण ऐकतो. हिरडा, बेहडा, आवळा यांच्या चूर्णाशी याचा काही संबंध नाही. हे वेगळंच झाड, चिनी स्वयंपाकातल्या सिचुआन मिरीच्या कुळातलं. फळ चावलं तर जिभेला मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, आणि त्यामागून संत्र्याच्या सालीसारखा वास येतो. बांगड्याचं तिखलं, तारल्यांची आमटी, वाटाण्याची उसळ याच्याशिवाय आमच्याकडे होत नाही. वास सगळा वरच्या टरफलात असतो. आतली काळी चकचकीत बी कडू आणि कचकचीत, ती फळ वाळून उकललं की काढून टाकायची. हिरवं असताना बी कोवळी असते, तेव्हा फळ अख्खं चालतं.

काकीची आई ओली तिरफळं मिठाच्या पाण्यात घालून ठेवायची. किनाऱ्यावरच्या बऱ्याच घरांत अजून ठेवतात. ती आमटीत पडतात आणि चांगली लागतात, पण ते पाणी कुणी खात नाही. विनेगरमध्ये फळ आणि पाणी दोन्ही खाता येतात. म्हणून मी तिला एक वर्ष तसं करून पाहूया म्हटलं.

मी खलबत्ता पुढे ओढला तर तिने हात धरला. "तिरफळां वाटूची नसतत, ठेचूची असतत." वाटलं तर कडवटपणा उतरतो. दगडाने एकेक फळ हलकंच दाबायचं, साल चिरली की पुरे. अर्ध्या लिटरला एक लहान मूठ. याहून जास्त नको. तिरफळ हावरटपणा सहन करत नाही, जिभेची चवच बधिर करून टाकतं. विनेगर तापलेलं असतानाच ओतायचं, फळं पूर्ण बुडतील इतकं. जे वर तरंगून हवेत उघडं राहतं, तिथेच बुरशी धरते.

[दृश्य: माळ्यावरची अंधारी फळी. चार बाटल्या. खडूने फळीवर तारीख.]

गार झाल्यावर झाकण लावून बाटल्या अंधाऱ्या जागी. उजेडात रंग आणि वास दोन्ही लवकर मरतात. तीन ते चार आठवडे. रोज जाता-येता बाटली एकदा हलवायची.

या काळात हिरवी पानं खाकी होतील. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की खराब झाली. तसं नसतं. हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा अणू असतो, आम्ल तो काढून घेतं आणि हिरवा रंग जातो. कच्च्या कैरीचं लोणचं मुरताना रंग उतरतो तेही असंच. खराबी ओळखायची ती वासाने, फेसाने आणि बुरशीने. यातलं काही दिसलं तर चाखून बघायचं नाही, ओतून द्यायचं.

[दृश्य: भाद्रपद. घरात गणपतीची आरास उतरवली जाते आहे. काकी बाटली उजेडात धरते.]

तिसऱ्या आठवड्यात चमचाभर काढून चव बघायची. नुसती नाही, गरम भाताच्या घासावर किंवा काकडीच्या फोडीवर. पुरेसं मुरलं वाटलं की मलमलीच्या फडक्यातून गाळायचं, फडकं पिळायचं नाही. पानं काढून टाकायची, नाहीतर चव तुरट होत जाते. गाळलेलं विनेगर पुन्हा उकळून घेतलेल्या बाटलीत. थंड, अंधाऱ्या जागी दोन-तीन महिने आणि फ्रिजमध्ये सहा ते आठ महिने ते चांगलं राहतं. आमच्या कोकणच्या दमट हवेत मी सरळ फ्रिजमध्येच ठेवते.

वापराबद्दल काकीचं आणि माझं एकमत आहे. माशाच्या आमटीत सोलांची, म्हणजे वाळवलेल्या कोकमांची, जागा विनेगरने घेऊ नये. सोलांचा आंबटपणा नारळाच्या रसात विरघळतो, विनेगर तिथे एकटं पडतं. त्याची जागा आहे कच्च्या कांद्यावर, काकडी-मुळ्याच्या कोशिंबिरीत, मोडाच्या मुगावर, बांगडा तळण्याआधी लावायच्या मिरची-हळदीच्या मसाल्यात. गवती चहाचं विनेगर, चिमूटभर मीठ, थोडी साखर आणि उभा चिरलेला कांदा, एवढ्यावर माझं एक जेवण होतं. आणि हे औषध म्हणून उपाशीपोटी नुसतं पिऊ नका. त्याने दातांवरचं कडक आवरण (एनॅमल) झिजतं आणि घसाही भाजतो. हे जेवणातलं आहे, ते जेवणातच राहू द्या.

[दृश्य: माघ. लखलखीत ऊन. तिरफळाचं झाड निष्पर्ण, आभाळावर फक्त काटे.]

माघातल्या एका दुपारी आम्ही पुन्हा गेलो. मागीलदार वाळलेलं होतं. गवती चहाचा ठोंब काकीने कापून त्यावर पालापाचोळा टाकला होता. त्या दिवशी वेंगुर्ल्याच्या बंदरावर बांगडा चांगला आला होता.

[दृश्य: स्वयंपाकघर. चुलीवर तवा. काकी फ्रिजमधून तिरफळाची बाटली काढते. तळाला थोडंसंच उरलंय.]

तिने बांगड्याला चिरा दिल्या, मसाला लावला, आणि बाटली झाकण काढून आधी नाकाशी धरली. मग माझ्याकडे दिली. पागोळ्यांखाली उभं राहून घोस मोडताना हातांना जो वास लागला होता, अगदी तोच. मी काही बोलायच्या आत तिने बाटली परत घेतली, उरलेलं सगळं बांगड्यांवर ओतलं आणि रिकामी बाटली खिडकीत उलटी ठेवली.

"यंदा दोन भरूया," ती म्हणाली. "एक म्हापशाक ज्येच्याकडून आणतंव तेका दिऊया."

[दृश्य: तव्यात पहिला बांगडा पडतो. तेलाचा आवाज. काळोख.]